‘पाट’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराघरांत रोज तोंडी असलेला हा दोन अक्षरी शब्द. त्याच्याबद्दल वाचक सारखे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी अर्थ आणि व्याकरण, मग घरातला पाट, मग शेतातला, आणि शेवटी कमी माहितीचे अर्थ.

१. ‘पाट’ म्हणजे नक्की काय? शब्दकोशात इतके वेगवेगळे अर्थ का दिसतात?

आजही बोलण्यात असलेले अर्थ चार. बसायचा लाकडी पाट, पाण्याचा पाट, ‘पाट लावणे’ यातला पुनर्विवाह आणि शेळीची तरुण मादी. हे चार वेगळे शब्दच मानावेत, रूप तेवढं सारखं आहे. कुठला पाट हे शेजारचं क्रियापद सांगतं. पाट मांडला, घातला, उचलला म्हणजे लाकडी. पाट सुटला, फुटला, तुंबला म्हणजे पाण्याचा. पाट लावला म्हणजे लग्न. पाट व्याली किंवा गाभण राहिली म्हणजे शेळी. वाक्यात क्रियापद नसेल तर मात्र घोटाळा होतो. ‘पाटाजवळ थांब’ याचा अर्थ स्वयंपाकघरात एक आणि रानात दुसरा.

२. पाट पुल्लिंगी की नपुंसकलिंगी? अनेकवचन काय?

लाकडी पाट, पाण्याचा पाट आणि लग्नाचा पाट हे तिन्ही पुल्लिंगी: तो पाट, ते पाट. अनेकवचनात रूप बदलत नाही, ‘दोन पाट मांड’ असंच म्हणायचं. सामान्यरूप ‘पाटा-’ होतं: पाटावर, पाटाला, पाटाचं पाणी. शेळी या अर्थी पाट स्त्रीलिंगी आहे: ती पाट, त्या पाटी (प्रश्न १९ पाहा).

३. मिरची ‘पाटावर’ वाटली की ‘पाट्यावर’?

पाट्यावर. वाटायचा दगड म्हणजे पाटा, आणि आकारान्त पुल्लिंगी शब्दाचं सामान्यरूप ‘या’ घेतं: पाटा, पाट्यावर. ‘पाटावर वाटलेली चटणी’ असं छापलेलं पुष्कळ दिसतं, पण त्याचा अर्थ बसायच्या पाटावर चटणी वाटली असा होतो.

आणखी एक गफलत ‘पाट्या’ या रूपाची. ‘पाट्यावर’ म्हणजे एका दगडी पाट्यावर, तर ‘पाट्यांवर’ हे अनुस्वारासकट अनेक पाट्यांवर. त्या पाट्या दगडी आहेत की दुकानांच्या, हे संदर्भावरूनच कळतं, कारण पाटा (अनेकवचन पाटे) आणि पाटी (अनेकवचन पाट्या) या दोघांचंही सामान्यरूप अनेकवचनात ‘पाट्यां-’ होतं. एकवचनात अडचण नाही: पाट्यावर वाटलं, पाटीवर लिहिलं.

४. पाट, पाटा, पाटी, पाटली हे सगळे एकाच मुळाचे का?

पाट, पाटा आणि लिहायची पाटी यांच्यामागे संस्कृत ‘पट्ट’ आहे, म्हणजे सपाट फळी, शिळा किंवा पत्रा. सपाटपणा हे त्यांचं घराणं. पाटा हा सपाट दगड, पाटी ही सपाट दगडी फरशी, आणि हातातली पाटलीही गोल बांगडीच्या तुलनेत चपटी असते.

५. पाट आणि पाठ यांत लोक चुका करतात. साधी खूण आहे का?

शरीर, अभ्यास किंवा ‘मागे’ हा अर्थ असेल तिथे ठ: पाठदुखी, पाठांतर, पाठोपाठ, पाठलाग, पाठपुरावा, पाठराखीण. फळी किंवा पाणी असेल तिथे ट: पोळपाट, पाटबंधारे, पाटपाणी. ‘पाटलाग’ आणि ‘पाठबंधारे’ ही दोन्ही रूपं चूक. मालवणीत मात्र शरीराच्या पाठीलाही ‘पाट’ म्हणतात, आणि तिथे तो शब्द स्त्रीलिंगी असतो. तो त्या बोलीचा उच्चार आहे, चूक नव्हे. संवाद लिहिताना तो सुधारू नये.

६. बसायचा पाट करून घ्यायचा आहे. माप काय सांगू आणि लाकूड कोणतं?

मोठ्या माणसाला मांडी घालून बसायला १८ ते २० इंच लांब आणि १४ ते १५ इंच रुंद फळी पुरते. उंची जमिनीपासून २ ते ३ इंच. याहून उंच केला तर जेवताना ताट फार खाली जातं आणि कंबर वाकते. फळीची जाडी पाऊण ते एक इंच ठेवा. अर्ध्या इंचाची फळी मधोमध दबते.

लाकूड सागवान असेल तर उत्तम, कारण पाण्याने ते फारसं हलत नाही. कोकणात फणसाचे पाट पुष्कळ. फणसाचं लाकूड वजनाला बरं, रंगाला पिवळं, आणि वापरून वापरून तांबूस होत जातं. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण ते नीट सुकलेलं नसेल तर किडतं. सुताराला एक प्रश्न जरूर विचारा: फळी एकसंध आहे की जोडलेली? जोडलेली चालते, पण जोड लांबीच्या दिशेने हवा आणि दोन्ही आडव्या पट्ट्यांनी तो खालून धरलेला हवा.

रोजच्या आंघोळीचा पाट वेगळा करा. त्याला चकचकीत पॉलिश लावू नका, ते ओलं झालं की पाय घसरतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. जवसाचं तेल फडक्याने दोनदा चोळून पूर्ण वाळवलं की पुरे. वापरलेलं फडकं पाण्यात भिजवूनच टाका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि बोळा करून कोपऱ्यात टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं.

७. नवाकोरा पाट वर्षभरात वाकला, मधोमध तडकलाही. लाकूड खराब होतं का?

बहुतेक वेळा लाकडाचा दोष नसतो. फळी हवेतल्या ओलाव्याने रुंदीला फुगते आणि आखडते, लांबीला जवळपास नाही. खालच्या दोन पट्ट्या फळीला आडव्या असतात. त्यांची लांबी बदलत नाही, फळीची रुंदी बदलते. पट्ट्या डिंक लावून आणि खिळे ठोकून घट्ट जखडल्या की फळीला हलायला जागा उरत नाही, आणि ती उन्हाळ्यात आखडताना तडकते. जाणता सुतार मधला स्क्रू घट्ट बसवतो आणि टोकांच्या स्क्रूंची भोकं पट्टीत जरा लांबट पाडतो, म्हणजे फळी सरकू शकते. स्क्रू पितळी घ्या. लोखंडी गंजतात आणि लाकडावर काळे डाग पाडतात.

वाकण्याचं कारण वेगळं. आंघोळीनंतर पाट तसाच जमिनीवर राहिला तर एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहते. ओली बाजू फुगते आणि फळी पन्हळीसारखी होते. म्हणून पाट धुतल्यावर भिंतीला उभा टेकवून सावलीत वाळवायचा, दोन्ही बाजूंना वारा लागला पाहिजे. वाक नुकताच आला असेल तर फुगीर बाजू वर करून कोवळ्या उन्हात तासभर ठेवा, पुष्कळदा सुटतो. जुना वाक असा जात नाही. पट्ट्या काढून फळी रंधून घ्यावी लागते.

८. पाट डुगडुगतो. खाली पुठ्ठा घालण्याशिवाय उपाय आहे का?

आहे. सपाट फरशीवर पाट ठेवून आधी बघा की डुगडुगतो तो पाटच, फरशी नव्हे. तोच पाट दुसऱ्या खोलीत ठेवून बघितला की कळतं. मग फरशीवर खडू फासा, पाट त्यावर ठेवून थोडा मागेपुढे सरकवा आणि उलटा करा. पट्ट्यांच्या ज्या कोपऱ्यांना खडू लागला तेच उंच आहेत, आणि ते बहुधा एकमेकांच्या तिरक्या समोर असतात. तेवढेच कोपरे काचपेपरने घासा आणि पुन्हा खडू लावून बघा. एकदम तासू नका, दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. कापून ‘बुटका’ पाय जुळवायला गेलं की चारही बाजू बिघडतात.

९. पाट आणि चौरंग यांत फरक काय? पूजेला काय घ्यायचं?

पाटाला खाली दोन आडव्या पट्ट्या, चौरंगाला चार स्वतंत्र पाय. पाट बसका आणि बहुधा लांबट, चौरंग उंच आणि बहुधा चौकोनी. साधारण रीत अशी की देव चौरंगावर आणि पूजा करणारा पाटावर. सत्यनारायणाला चौरंग लागतोच, कारण त्याच्या चार पायांना केळीचे खुंट बांधतात. पाटाला बांधायला जागाच नसते. औक्षण, भाऊबीज, दिवाळीचं अभ्यंगस्नान, मुंज या सगळ्यांना पाट, भोवती रांगोळी.

१०. पोळपाटाला तीनच पाय का असतात?

कारण तीन टेकू कुठल्याही जमिनीवर एकदम टेकतात. चौथा पाय आला की ओटा जरासा खालीवर असला तरी डुगडुग सुरू होते, आणि पोळी लाटताना जोर एका कडेवर पडत असल्याने ती लगेच जाणवते. नाव सरळ आहे: पोळीचा पाट. तसंच विळीचं पातं ज्या फळीवर बसवलेलं असतं आणि जिच्यावर पाय देऊन बसतात, तीही विळीचा पाट. तो हलत असेल तर विळी वापरू नका, आधी पात्याचा खिळा घट्ट करा.

११. गणपतीच्या कारखान्यात पाट आधी नेऊन देतात, तो कशाला?

ही कोकणातली रीत. मूर्ती आपल्याच घरच्या पाटावर घडवून घ्यायची, म्हणून नागपंचमीच्या सुमारास किंवा त्याआधीच पाट मूर्तिकाराकडे पोचतो. मूर्ती त्यावरच तयार होते, त्यावरूनच घरी येते आणि विसर्जनालाही त्यावरूनच जाते. येताना पाटावर नदीतली किंवा समुद्रातली थोडी वाळू घेऊन परततात आणि घरी आल्यावर त्या पाटासमोर आरती होते.

पाट देताना काळजी घ्यायच्या गोष्टी:

मूर्तीच्या बैठकीच्या चारही बाजूंना किमान दोन बोटं फळी मोकळी राहायला हवी, नाहीतर उचलताना बोटं मातीला लागतात. खालच्या पट्ट्या पुरेशा उंच हव्यात. पाट उचलताना बोटं फळीखालच्या त्या फटीतच जातात, आणि दीड इंचाहून कमी जागा असली की बोटं चेमटतात. मूर्ती डोक्यावरून आणायची असेल तर डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाट.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाट पूर्ण सुकलेल्या लाकडाचा असावा. शाडू लावताना ओला असतो आणि ती ओल फळीत उतरते. कच्च्या लाकडाची फळी वाकली की सुकत आलेल्या मूर्तीला बैठकीजवळ तडा जातो. दोष मूर्तिकाराला लागतो, कारण मात्र पाट असतो. पाटाखाली घराचं नाव आणि वाडी लिहायला विसरू नका, कारखान्यात एकसारखे शंभर पाट असतात.

१२. ‘पाटपाणी झालं का?’ म्हणजे काय विचारतात?

जेवायची मांडणी झाली का, असं. पाट मांडणं, पाण्याचे तांब्याभांडे ठेवणं, पानं घेणं, हे सगळं त्यात आलं. ज्या घरात सगळे टेबलावर जेवतात तिथेही आजी हाच शब्द वापरते, आणि तो चुकीचा ठरत नाही. ‘पाणी-पाट’ असा उलटा क्रम मात्र कोणी म्हणत नाही.

१३. अंतरपाट तर कापडाचा असतो. मग त्याला पाट का म्हणतात?

तिथला पाट म्हणजे ‘पट’, वस्त्र. संस्कृतातला अंतःपट, मराठीत अंतरपाट. वधूवर मंगलाष्टकं चालू असताना लाकडी पाटांवरच उभे असतात, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही ‘पाट’ तिथे हजर असतात आणि गैरसमज होतो. लग्नाच्या यादीत ‘पाट २, अंतरपाट १’ असं वेगवेगळं लिहा.

१४. पाट आणि कालवा एकच का? चारी, दंड म्हणजे काय?

सरकारी कागदांत मोठ्या प्रवाहाला कालवा म्हणतात, आणि त्यातून पुढे शाखा कालवा, वितरिका, शेतचारी अशी उतरंड असते. गावात बोलताना मोठ्या कालव्यालाही पाटच म्हणतात: ‘पाटाला पाणी सुटलं’. पाटातून फुटते ती चारी, चारीतून पोटचारी, आणि शेताच्या आत सरी-वाफ्यापर्यंत पाणी नेणारा मातीचा अरुंद मार्ग म्हणजे दंड. विहिरीवरून निघणाऱ्या अशा दंडालाही अनेक भागांत पाटच म्हणतात.

कोकणात धरण-कालवा नसतानाही पाट आहेत. ओढ्याला दगडमातीचा बांध घालून पाणी अडवायचं आणि डोंगराच्या कुशीने बागेत आणायचं. नारळी-पोफळीच्या बागा अशा पाटांवर वाढल्या.

१५. पाटकरी कोण? आणि ‘पाटबंधारे’ हा शब्द आता बंद झाला का?

पाटकरी म्हणजे पाण्याच्या पाळीप्रमाणे पाट सोडणारा आणि राखणारा माणूस. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवरच्या फड पद्धतीत हे पद जुनं आहे. तिथे बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड म्हणजे मोठे भाग पाडतात, एका फडात सगळे एकच पीक घेतात, आणि पाणी कोणाला कधी हे पाटकरी सांभाळतो. त्याच्या जोडीला जागल्या आणि हवालदार.

पाटबंधारे म्हणजे पाट आणि बंधारे. खात्याचं नाव आता जलसंपदा विभाग असलं तरी शब्द जिवंत आहे: महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६, तापी, विदर्भ, कोकण आणि गोदावरी मराठवाडा ही पाटबंधारे विकास महामंडळं, शिवाय ‘लघु पाटबंधारे’. हा शब्द टिकावा असं आम्हाला मनापासून वाटतं. ‘सिंचन’ शब्दात रानाला पाणी मिळतं, पण ‘पाटबंधारे’ म्हटलं की ते कुठून आणि कसं येतं हेही दिसतं.

१६. शेतातला पाट सारखा फुटतो. माती टाकूनही टिकत नाही.

वाहत्या पाण्यात माती टाकली की ती टिकत नाहीच. आधी वरच्या अंगाला दारं बंद करून पाणी वळवा. फुटलेल्या जागेची सैल, चिखल झालेली माती घट्ट जमीन लागेपर्यंत उकरून काढा. मग चिकट काळी माती वीतभराच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर पायांनी तुडवा. वाळूमिश्रित माती वापरू नका, तिच्यातून पाणी झिरपत राहतं. वर हरळीचे गड्डे बसवले तर कड धरून राहते.

पुन्हापुन्हा तिथेच फुटत असेल तर बीळ शोधा. खेकडे, घुशी आणि उंदीर कडेला पोखरतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पाटात गाळ आणि गवत साचलं असेल तर पाण्याची पातळी चढून कडेवरून वाहते आणि कड कापते, म्हणून हंगामाआधी पाट साफ करणं हाच खरा उपाय. उतार जास्त असेल तर पाणी तळ खरवडतं, कमी असेल तर गाळ बसतो. उतार जास्त आहे तिथे तळात दगड लावून लहान पायरी करतात.

‘दारं धरणं’ म्हणजे फावड्याने पाटाची माती फोडून पाणी एका वाफ्यात सोडायचं, वाफा भरला की ते दारं बुजवून पुढचं मोडायचं. पाळी रात्रीची असली की हे काम कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात चालतं. बातम्यांत येणारा क्युसेक हा पाटाच्या पाण्याचा वेग नव्हे, तर दर सेकंदाला किती पाणी वाहतं याचं माप आहे: १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर.

१७. ‘रक्ताचे पाट’, ‘दुधातुपाचे पाट’ बरोबर. मग ‘घामाचे पाट’ का खटकतं?

कारण पाट म्हणजे एका मार्गाने, भरून वाहणारा प्रवाह. घामाच्या धारा लागतात. डोळ्यांतूनही बहुधा धाराच, पण अतिशय दुःखात ‘आसवांचे पाट’ म्हणतात आणि ते चालतं. धुराचे मात्र लोट, पाट कधीच नाही.

१८. ‘पाट लावणे’ म्हणजे दुसरं लग्न का? तो अपमानकारक शब्द आहे का?

विधवेचा किंवा काडीमोड झालेल्या स्त्रीचा पुनर्विवाह म्हणजे पाट. काही भागांत त्यालाच मोहतूर किंवा गंधर्व म्हणत. स्त्रीच्या पहिल्या विवाहाला ‘लग्न’ आणि नंतरच्या विवाहाला ‘पाट’, असा भेद होता. पुरुष किती वेळा लग्न करतो यावर शब्द बदलत नसे. अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत पाट रूढीने मान्य होता. ब्राह्मणांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींत तो नव्हता. म्हणजे १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातल्या असंख्य विधवा पुन्हा संसार मांडत होत्या. पाट बऱ्याच ठिकाणी रात्री, मोजक्या माणसांत आणि थोडक्या विधींनी लागे.

जुन्या कागदांत ‘लग्नाची बायको’ आणि ‘पाटाची बायको’ अशा नोंदी आढळतात. दुसरीचा अर्थ ‘ठेवलेली’ असा लावणं साफ चूक आहे. पाट हा विवाहच. मराठेशाहीच्या कागदांतला ‘पाटदाम’ म्हणजे अशा विवाहांवरचा कर. आज एखाद्या बाईच्या पुनर्विवाहाबद्दल बोलताना ‘पुनर्विवाह’ किंवा सरळ ‘लग्न’ म्हणा. ‘पाट’ शब्दात कमीपणा नव्हता, पण तो कमीपणाने उच्चारला गेला आहे, आणि ऐकणारीला तो लागतो.

१९. शेळीच्या जाहिरातीत ‘उस्मानाबादी पाट विकणे आहे’ असं वाचलं. ती कोणती?

पहिलं वेत व्हायच्या आधीची तरुण शेळी. लहान असताना करडू, मग नर असेल तर बोकड आणि मादी असेल तर पाट, व्याल्यावर शेळी. काही भागांत हाच शब्द ‘पाठ’ असा म्हणतात आणि लिहितात. घेताना ‘किती दाती’ हे विचारा: दोन दाती म्हणजे दुधाचे पुढचे दोन दात पडून कायमचे आलेली, साधारण वर्ष ओलांडलेली. खालचा ओठ खाली ओढून स्वतः बघा, विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि ‘पाट गाभण आहे’ असं सांगितलं तर तारीख विचारा, शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो.

२०. ‘पाटावरून ताटावर’ या म्हणीत कोणता पाट?

बसायचा. ‘पाटावरून ताटावर, ताटावरून पाटावर’ म्हणजे काही काम न करता आयतं सुख भोगणं. ‘ताट द्यावे पण पाट देऊ नये’ यातही तोच: पोटभर जेवू घाला, पण आपल्या घरात कायमची जागा देऊ नका.

२१. पाटील आडनावात हाच पाट आहे का?

बसायचा नाही आणि पाण्याचाही नाही. जुन्या लेखांत ‘पट्टकिल’ असं रूप येतं. त्यातला ‘पट्ट’ म्हणजे जमिनीच्या हक्काचा लेख, आणि तो राखणारा गावचा अधिकारी तो पट्टकिल, पुढे पाटील. पाटाचं पाणी वाटणारा तो पाटकरी, पाटील नव्हे (प्रश्न १५ पाहा). ‘पाटराणी’ मधला पाट पुन्हा वेगळा: तो पट्टराणीचा ‘पट्ट’, म्हणजे राज्याच्या आसनाचा मान. पाटराणी म्हणजे त्या आसनावर राजाशेजारी बसायचा हक्क असलेली राणी.